मिंडलच्या बाजूचा घोडा

ज्याच्या हातच्या घोड्यांवर निम्मं ब्रुकलिन बसून गेलं, तो झान्वेल क्राव्हेत्स दूधवाल्याचं घोडं समोरून आलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. लहानपणी रशियातल्या व्होलिनमधल्या त्याच्या गावात कुठल्याशा कोसॅकाच्या घोड्याने त्याला लाथ घातली होती म्हणे. कारखान्यातले लोक त्यावरून त्याला सोडत नसत. "झान्वेल, लाकडाचा आहे तोवर ठीक आहे रे, उद्या हा लीद टाकायला लागला तर कुठे पळशील?" तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. मुळात बोलायचाच कमी. त्याची बायको फ्रुमा म्हणायची, "याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पटाशी लावावी लागते."

गावात असताना तो बापाबरोबर ज्यूंच्या प्रार्थनाघरातले सिंह कोरायचा. धर्मग्रंथाच्या कपाटावर दोन बाजूंना दोन सिंह उभे असतात, ते. अमेरिकेच्या बोटीतून उतरल्यावर त्याला कळलं की इथे सिंहांना फारसं गिऱ्हाईक नाही. दोन वर्षं त्याने खुर्च्यांचे पाय घासले. मग कुणीतरी त्याला कोनी आयलंडला लिपनिकच्या कारखान्यात नेलं. तिथे मेरी-गो-राउंडचे घोडे बनत. लिपनिकने त्याच्या हातात मोगरी दिली आणि म्हणाला, "एक मुंडकं करून दाखव." झान्वेलने सिंहाची आयाळ घोड्याच्या मानेवर चढवली. वाऱ्यावर उडणारी, बटाबटांची, दात विचकलेल्या तोंडावर झेपावणारी. लिपनिकने मुंडकं फिरवून बघितलं आणि म्हणाला, "उद्यापासून ये. आणि दाढीला सरस लागलाय, तो काढ."

घोडा एका ओंडक्यातून निघतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कारखान्यात जाऊन यावं. धड म्हणजे फळ्या सरसाने चिकटवून केलेला पोकळ खोका. पाय वेगळे, मान वेगळी, डोकं वेगळं. पाय आणि धड नवशिके करतात. डोकं मात्र उस्तादाकडे. झान्वेल मुंडकीवाला होता. तो नाकपुड्या इतक्या पातळ करायचा की बोट लावायला भीती वाटावी. डोळे काचेचे, लगामावर रंगीत काचांचे खडे, खोगिरावर सोन्याचा वर्ख, गळ्यात लाकडी गुलाबांची माळ. शेपूट तेवढी खऱ्या घोड्याची.

पण हा सगळा थाट एकाच अंगाला. आमच्याकडे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, म्हणून घोड्याचं उजवं अंग बाहेर येतं. तिकीट हातात घेऊन उभी असलेली गर्दी तेवढंच बघते. ती दर्शनी बाजू. डावं अंग आत, यंत्राकडे. तिथे आयाळीच्या चार रेघा ओढायच्या, पट्टा सपाट ठेवायचा, रंगाचा एक हात मारायचा की झालं. यात कुणाला लाज वाटायची नाही. सगळेच कारखाने तसंच करायचे. इंग्लंडमधली चक्रं उलटी फिरतात, त्यामुळे तिकडून आलेल्या परसीने पहिल्याच आठवड्यात सगळे गुलाब डाव्या अंगाला कोरून ठेवले होते. तेव्हापासून कुणाचं काही उलटं झालं, अगदी बनियन उलटं घातलं तरी, कारखान्यात त्याला "परसीचा घोडा" म्हणत.

फ्रुमा समुद्राकडच्या रस्त्यावर चक्राजवळच गरम कनिशी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून भाजलेल्या पुऱ्या, विकायची. आवाज असा की लाटांच्या वर ऐकू यावा. झान्वेलने जे बोलायचं शिल्लक ठेवलं होतं ते तीच बोलून टाकायची. त्यांना एकच मुलगी झाली, मिंडल. एकोणीसशे सोळा सालच्या उन्हाळ्यात पोलिओच्या साथीने ब्रुकलिनमधल्या पोरांची जी दैना झाली ती अजून कुणी विसरलेलं नाही. दारादारांवर पाट्या लागल्या, आया पोरांना घेऊन गाव सोडून पळाल्या. मिंडल वाचली, पण तिच्या दोन्ही पायांवरून वारं गेलं. मग लोखंडी पट्ट्या आल्या, चामड्याचे बंद आले. चालताना ती खडखड वाजायची आणि वर स्वतःच म्हणायची, "बाजूला व्हा, ट्राम आली!"

ट्राम घोड्यावर बसू शकत नव्हती. एकदा बसवून बघितलं. पट्ट्या खोगिरावरून घसरल्या, ती लोंबकळली आणि इतकी किंचाळली की नेपल्सच्या गेतानोने चक्र मध्येच थांबवलं. हा गेतानो चक्र चालवायचा. दांडा ओढायचा, बाजा लावायचा आणि दिवसभर स्वतःच्या आवाजात बाज्याशी भांडायचा. त्यालाच पोरीची दया आली. चक्राच्या मधोमध, यंत्र आणि बाजा असतो त्या गोल जागेत त्याने तिच्यासाठी एक बैठक ठेवली. "राणीसाहेब, इथे बसा. सगळे घोडे तुमच्याभोवती फिरतील. बाहेरच्यांना एका वेळी चार दिसतात, तुम्हाला सगळे!"

मग उन्हाळाभर हाच क्रम. फ्रुमा बाहेर कनिशी विकतेय, मिंडल आत बसलीय. गर्दी ओसरली की फ्रुमाही आत जाऊन पोरीला घास भरवायची. संध्याकाळी झान्वेल कारखान्यातून यायचा, चक्र थांबलं की आत शिरायचा, तिला खांद्यावर टाकायचा आणि घरी न्यायचा. बापाच्या खांद्यावर मात्र तिला भीती वाटायची नाही. तिथून ती येणाऱ्याजाणाऱ्यांना हुकूम सोडायची.

अठरा सालच्या ऑगस्टमध्ये असंच खांद्यावरून जाताना ती म्हणाली, "ताते, घोडे तू करतोस ना?"

"सगळे नाही. काही."

"मग माझ्या बाजूला त्यांना काहीच का नाही?"

"काही म्हणजे?"

"फुलं नाहीत. खडे नाहीत. मी बाहेर आले की दिसतं, सगळं तिकडेच आहे. माझ्याकडे नुसतेच आहेत."

झान्वेलने खरं ते सांगितलं. त्याला खोटं पटकन सुचायचंही नाही. "त्या बाजूने कुणी बघत नाही, मिंडले."

"मी बघते की."

एवढंच. ती रडली नाही, हट्ट केला नाही. पुढच्या कोपऱ्यावर तिने पाववाल्याच्या कुत्र्याला हुकूम सोडला आणि विषय संपला. पण झान्वेलचा संपला नाही. इतकी वर्षं तो घोड्याचं एक अंग मन लावून करत होता आणि दुसरं उरकत होता, आणि त्या उरकलेल्या बाजूला त्याचीच पोर बसलेली होती. हे त्याच्या मनात असं रुतलं की त्या रात्री त्याने ताटातला खारवलेला मासा तसाच ठेवला. निजताना तो तिला म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्याला तुझ्या बाजूचा एक घोडा करतो." ती म्हणाली, "काळा कर."

त्याच हंगामाअखेर चक्राच्या मालकाने लिपनिककडे काही जुने घोडे बदलायला नवे सांगितले होते. त्यातलाच एक झान्वेलने बाजूला काढला. दिवसा मालकाचं काम, आणि काम सुटल्यावर मिंडलचा घोडा. सप्टेंबरभर तो संध्याकाळी उशिराच घरी यायचा. चक्रापाशी पोरीला न्यायला तो येईनासा झाला, फ्रुमाच एका हातात कनिशीची पेटी आणि दुसऱ्या हाताला पोर अशी घरी जायची. मिंडल जेवताना विचारायची, "ताते कधी येणार?" फ्रुमा म्हणायची, "लाकूड सोडेल तेव्हा." तो यायचा तेव्हा ती निजलेली असायची. तिच्या उशाशी तो खिशातून एखादा वळणदार छिलका ठेवायचा. सकाळी ती उठायच्या आत तो गेलेला असायचा. प्रेम करायची ही कुठली तऱ्हा? काही माणसांना हातांनीच प्रेम करता येतं, आणि त्यांच्या माणसांना त्याचा फार जाच होतो.

ऑक्टोबरात मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ घरात शिरली. तिसऱ्या दिवशी मिंडल गेली.

आम्हा ज्यूंकडे घरात मरण आलं की आरसे झाकतात आणि घरची माणसं सात दिवस जमिनीलगत बसतात. शेजारीपाजारी येतात, उकडलेली अंडी आणतात, बसतात. त्या महिन्यात येणार कोण? प्रत्येक जिन्यावर एक तरी प्रेत होतं. झान्वेल आणि फ्रुमा एकमेकांसमोर संत्र्यांच्या खोक्यांवर बसून राहिले. चौथ्या दिवशी फ्रुमा बोलली. "ऐकतोस ना? महिनाभर ती तुझी वाट बघत होती. महिनाभर. आणि तू तिकडे लाकूड कुरवाळत बसला होतास." ती पुन्हा तसं कधीही म्हणाली नाही. एकदाच म्हणाली, पण ते त्याला जन्माला पुरलं.

सात दिवस संपल्यावर तो कारखान्यात गेला आणि घोडा पुढे कोरायला लागला. लोकांना वाटलं, कामात मन रमवतोय बिचारा. तसं नव्हतं. त्या संध्याकाळी पोरीच्या होत्या आणि त्याने त्या घोड्याला दिल्या होत्या. आता घोडाच झाला नाही, किंवा झाला आणि तिच्या बाजूला उभा राहिला नाही, तर त्या संध्याकाळी नुसत्याच वाया गेल्या असं झालं असतं. हे ओझं तो सहन करू शकला नसता. त्याला घोडा हवा होता असं नाही. त्याला त्या महिन्याचं काहीतरी हवं होतं.

हिवाळ्यात एका सकाळी लिपनिक कारखान्यातून फिरताना त्या घोड्यापाशी थांबला. घोड्याचं डावं अंग त्याच्याकडे होतं. मानेवर आयाळ उडत होती, गळ्याला उमलत्या गुलाबांची जाड माळ, कानामागे छोटी घंटा, खांद्यावर एक पाखरू बसलेलं. लिपनिक मागून वळसा घालून पलीकडे गेला. तिकडे सपाट लाकूड.

"झान्वेल!" तो ओरडला. "इतकी वर्षं झाली आणि परसीचा घोडा?"

दोघंतिघं सवयीने हसायला लागले आणि लगेच गप्प झाले, कारण सगळ्यांना पोरीचं माहीत होतं. परसी स्वतः उठून आला. त्याने झान्वेलच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं रे असं. माझं तर सगळं धडधाकट असताना झालं होतं." लिपनिकचा आवाजही खाली आला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त ओरडल्याशिवाय त्याला विचार करता यायचा नाही. "जाऊ दे. दुःखात हात चुकतो माणसाचा. डावीकडचं तासून काढ, उजवीकडे कर. लाकूड जाड आहे, निभेल."

झान्वेलला गप्प राहता आलं असतं. पण गप्प राहिला असता तर गुलाब तासले गेले असते.

"चूक नाही, मालक."

"चूक नाही? मग काय आहे?"

"ती आतून बघायची."

लिपनिकने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अरे पण आता..." असं म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं. कारखान्यात कुणाचीच मोगरी वाजत नव्हती. शेवटी तो जवळजवळ चिडूनच म्हणाला, "आतल्या ओळीत लावेन. पण उजवं अंग असं नागडं ठेवलंस तर चक्रवाला माझं टाळकं खाईल. दोन्ही अंगं कर. आणि तुम्ही लोक काय बघताय? इथे नाटक चालू आहे का?"

झान्वेलने दोन्ही अंगं केली. उजवं हाताला सवय होती म्हणून झालं, डाव्यात जीव होता. रंगाऱ्याने घोडा काळा केला. पाखराला मात्र पिवळा रंग झान्वेलने स्वतः दिला.

मेच्या अखेरीस चक्र सुरू झालं. फ्रुमा पेटी घेऊन आपल्या जागी उभी होती, पण तिने पाठ चक्राकडे केली होती. झान्वेलने तिला आत चल म्हटलं. "कुणाला दाखवतोस? जिला बघायचं होतं ती नाही," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. आता ती ओरडत नसे. लोक आपले आपण येऊन घेत.

तो एकटाच आत गेला. गेतानोने त्याला मिठी मारली, त्याच्या कोटावर रडून घेतलं आणि मग कोपऱ्यातून मिंडलची बैठक काढून फडक्याने पुसली. ती बैठक म्हणजे एक बुटकं स्टूल होतं. झान्वेलने ते पहिल्यांदा नीट बघितलं.

"यावर बसायची?"

"यावरच. आधी मी उंच दिलं होतं. पण उंचावर पाय लोंबायचे आणि त्या पट्ट्या तिच्या मांडीत रुतायच्या. हे असं, पाय पुढे पसरून." गेतानोने जमिनीपासून वर हात धरून दाखवला. "डोकं इथपर्यंत यायचं राणीसाहेबांचं."

झान्वेल स्टुलावर बसला. तो उंच माणूस. गेतानोच्या हाताच्या उंचीला डोकं आणायला त्याला पाठ वाकवावी लागली, मान आत घ्यावी लागली. गेतानोने दांडा ओढला. बाजा वाजायला लागला. घोडे निघाले.

फिरती फळी जमिनीपासून हातभर वर असते, आणि तिच्यावर घोडे खालीवर होतात. त्याच्यासमोरून खूर गेले. पाय गेले. पोटं गेली, रंगही न लावलेल्या फळ्यांची, सरसाचे ओघळ वाळलेली, मधे लोखंडी बोल्ट. मग काळा घोडा आला. त्याचेही खूर आले, पाय आले, पोट आलं. गुलाब वर कुठेतरी होते. वर बसलेल्या पोराचा बूट आणि रिकीब आड येत होती. पाखरू दिसलंच नाही. घोडा गेला, फिरून आला, पुन्हा पोट. झान्वेलने तो माणसाच्या उंचीला कोरला होता, बाकावर उभा करून, स्वतःच्या डोळ्यांसमोर. खांद्यावर घेतलेल्या पोरीचं डोकं त्याला नेहमी स्वतःच्या डोक्याच्या वर माहीत होतं. ती बसलेली असताना कुठून बघते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. तो आला की चक्र थांबलेलं असायचं.

गेतानोने दोनदा विचारलं, "कसा दिसतोय? सुंदर आहे ना?" झान्वेल म्हणाला, "सुंदर आहे."

घरी आल्यावर फ्रुमाने त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवला. त्याने साखरेचा खडा दातात धरला आणि तसाच धरून बसला. मग तो बोलला, आणि इतकं सलग तो लग्नापासून बोलला नव्हता. "फ्रुमा, तिला दिसलं नसतं. मानेवर गुलाब केले, खांद्यावर पाखरू केलं. मोठ्या पक्ष्यांना ती घाबरायची ना, म्हणून लहान केलं. ती असती तरी तिला दिसलं नसतं. तिथून पोट दिसतं. नुसतं पोट."

फ्रुमा उभीच होती. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी तिच्याजवळ जमिनीवर बसून तिला भरवायचे. मोजके दिवस नाही, दोन उन्हाळे. तिथून पोटच दिसतं. तू कुठे कोरतोयस हे मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मला विचारायचं होतंस. तिला विचारायचं होतंस. पण विचारायला घरी यावं लागतं, झान्वेल."

तिने हे ओरडून म्हटलं नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने डोकं टेबलावर टेकवलं आणि तो रडला. पोर गेल्यापासून पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, आवाज करत. फ्रुमाने त्याला जवळ घेतलं नाही. पण ती खोलीतून गेलीही नाही. त्याच्यासमोर बसून राहिली आणि त्याचा गार झालेला चहा तिने पिऊन टाकला.

सकाळी चक्र उघडायच्या आधी झान्वेल हत्यारांचं बोचकं घेऊन आला. गेतानो म्हणाला, "मालकाला कळलं तर दोघांनाही हाकलेल," आणि त्याने काळा घोडा बरोबर स्टुलासमोर आणून थांबवला. झान्वेल फळीवर उताणा झोपला, घोड्याच्या पोटाखाली सरकला आणि गोल पटाशी लावली. पोकळ घोडा, मोगरीच्या हर ठोक्याला पिंपासारखा वाजायचा. छिलके त्याच्या डोळ्यांवर, दाढीत पडत होते.

थोड्या वेळाने यंत्राजवळ पावलं वाजली. फ्रुमा कनिशीची पेटी खाली ठेवत होती. स्टुलावर ती बसली नाही. स्टुलाशेजारी, आपल्या नेहमीच्या जागी, जमिनीवर पाय पसरून बसली. डोक्यावरचा रुमाल घट्ट केला, मान वाकवली आणि बघायला लागली.

"कुठून सुरू केलंस?"

"मधून."

"मधे बोल्ट आहे, तिथे काही दिसत नाही," ती म्हणाली. "अलीकडे घे. अजून अलीकडे. हां, तिथे."